नाटकाच्या ऑडिशनला मुलगी निघते तेव्हा

संध्याकाळी कुकरची दुसरी शिट्टी होत असताना घरातली कॉलेजात जाणारी मुलगी ओट्याशी येऊन उभी राहिली आणि न सांगता कोथिंबीर निवडू लागली, की समजावं, हिला काहीतरी मागायचं आहे. गेल्या श्रावणात आमच्याकडे असंच झालं. माझ्या नणंदेची मुलगी बारावीनंतर शिकायला आमच्याकडे सांगलीला राहते. गाव तासगाव तालुक्यात, घरची द्राक्षबाग, वडील शिस्तीचे. अर्धी जुडी निवडून झाल्यावर ती हळूच म्हणाली, "मामी, आमच्या कॉलेजात एकांकिका महोत्सव आहे. परवा ऑडिशन आहे. जाऊ का?"

"जा की! त्यात विचारायचं काय?" असं म्हणून मी मोकळी झाले. मैत्रिणींनो, माझी पहिली चूक तिथंच झाली. तिला 'जा' म्हटलं ही नव्हे. काही न विचारता म्हटलं, ही. ती चूक तुमच्याकडून होऊ नये म्हणून तर हा लेख लिहायला घेतला.

आधी हा महोत्सव म्हणजे काय ते सांगते, कारण आपल्यापैकी पुष्कळजणींच्या डोळ्यांपुढे 'गॅदरिंग' येतं. गॅदरिंगात नाटक बसवायला सर असायचे, साड्या बाईंच्या घरून यायच्या आणि टाळ्या वाजवायला आपणच. इथे तसं नाही. एकांकिका मुलांनीच लिहायची, बसवायची, प्रकाशयोजना आणि पार्श्वसंगीतही मुलांनीच बघायचं. तिकिटं फाडणारी आणि प्रयोगानंतर सभागृह झाडणारीही मुलंच. प्राध्यापकांचं काम म्हणजे परवानगीच्या पत्रावर सही करणं आणि हॉलची किल्ली देणं. भाचीच्या कॉलेजात दोन संध्याकाळी मिळून पाच एकांकिका झाल्या, प्रत्येकी वीस-पंचवीस मिनिटांच्या. त्यांतली जी चांगली वठेल ती पुढे स्पर्धांना न्यायची, असा बेत.

आणि स्पर्धा तरी किती! पुण्याचा पुरुषोत्तम करंडक तुम्ही ऐकलाच असेल. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून तो घेते आहे. पुण्याबाहेरही त्याच्या फेऱ्या होतात, आमच्या बाजूच्या मुलांना कोल्हापूर जवळ पडतं. २०१४ पासून लोकसत्ताची 'लोकांकिका' आहे. मुंबईत चतुरंगची 'सवाई' असते, ती तर सव्वीस जानेवारीच्या आदल्या रात्री सुरू होते आणि पहाटेपर्यंत चालते. विद्यापीठांच्या युवक महोत्सवाचे नियम आणखी वेगळे. आंतरविद्यापीठ पातळीवर एकांकिकेला तीस मिनिटं आणि रंगमंचावर जास्तीत जास्त नऊ जण. प्रहसनाला दहा मिनिटं नि सहा जण. मूकनाट्याला पाचच मिनिटं. म्हणजे मुलं हे सगळं घड्याळ लावून करतात, बरं का! आणि पोरखेळ म्हणून कुणी त्याकडे बघत नाही. २०२२ साली पुरुषोत्तमच्या अंतिम फेरीत परीक्षकांना एकही एकांकिका करंडकाच्या तोडीची वाटली नाही, तेव्हा त्यांनी तो कुणालाच दिला नाही. अंतिम फेरीपर्यंत पोहोचलेल्या मुलांना काय वाटलं असेल, हा विचार माझ्या मनात आल्यावाचून राहिला नाही.

आता ऑडिशनची तयारी. त्या रात्री जेवणं झाल्यावर भाची गच्चीवर गेली आणि थोड्या वेळानं वरून आरडाओरडा ऐकू आला. शेजारच्या काकूंनी खिडकी उघडून विचारलं, "काय झालं हो?" झालं काहीच नव्हतं. 'ती फुलराणी'मधल्या मंजुळेचं स्वगत चाललं होतं.

पु. लं.चं हे नाटक १९७५ साली रंगमंचावर आलं आणि भक्ती बर्वेंनी त्यात जे काही केलं, त्यानंतर महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुलीला आपण एकदा तरी मंजुळा व्हावं असं वाटत आलेलं आहे. मलाही वाटलं होतं. पण निवड करणाऱ्यांच्या जागी बसून पाहा. सकाळपासून एकामागून एक मंजुळाच येताहेत, मधेच एखादी 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधली बेणारेबाई, नाहीतर एखादा अठरा वर्षांचा 'नटसम्राट' हात थरथरवत! स्वगतं थोरच आहेत, त्यात वाद नाही. पण ती म्हणताना मुलगी स्वतःची राहत नाही, कुणाची तरी नक्कल होते. मी तिला तसं म्हटलं, तर फुरंगटून म्हणाली, "मामी, तुम्हाला नाटकातलं काय कळतं?" मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचंही कारण पुढे येईल.

ऑडिशनच्या दिवशी संध्याकाळी तिनं सगळं सविस्तर सांगितलं. कॉलेजातला एक मोठा वर्ग, बाकं भिंतीला सरकवलेली, पंख्याखाली तीन खुर्च्या. खुर्च्यांवर तिसऱ्या वर्षाची दोन मुलं आणि एक मुलगी. ती मुलगीच दिग्दर्शक. दाराबाहेर साठ-सत्तर जणांची रांग. प्रत्येकाला एक छापील कागद भरायला दिला होता: नाव, वर्ग, याआधी कशात काम केलंय का, पोहता येतं का, गाता येतं का, पडद्यामागे काम करायची तयारी आहे का. आणि शेवटचा रकाना: 'तालमीला संध्याकाळी किती वाजेपर्यंत थांबू शकाल?'

हिच्या आधी चार मंजुळा होऊन गेल्या होत्या. हिनं पहिलं वाक्य घेतलं मात्र, खुर्चीवरचा मुलगा म्हणाला, "ते राहू दे. आज घरून निघताना काय काय झालं, तेवढं सांग." पोरगी गडबडली. पण मग सांगू लागली. मामानं स्कूटरची किल्ली नेहमीप्रमाणे हरवली; ती फ्रीजवर सापडली; मामी शाळेला निघाली होती आणि एका हातानं साडीची पिन लावत दुसऱ्या हातानं डबा भरत होती; आजी म्हणाली, घरात कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही. मुलं हसली. त्या मुलीनं काहीतरी लिहून घेतलं. (आमच्या घराची अब्रू अशी साठ मुलांपुढे मांडली गेली. पण काय करणार!)

नंतर एक न पाहिलेला उतारा वाचायला दिला. इथं एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पुष्कळ मुली उतारा हातात आला की लगेच मोठ्यानं वाचायला लागतात, आणि वाक्याच्या मध्यावर आल्यावर त्यांना कळतं, हे तर रागानं म्हणायचं होतं! मिनिटभर मागून घ्यावं, मनात वाचावं, कोण कुणाला म्हणतंय एवढं समजून घ्यावं आणि मग तोंड उघडावं. मिनिट मागितलं म्हणून कुणी नाही म्हणत नाही. दुसरं म्हणजे आवाज. आवाज मोठा हवा म्हणजे किंचाळायला हवं असं नाही. शेवटच्या बाकावरच्या माणसाला शब्दाचं शेवटचं अक्षर ऐकू गेलं पाहिजे. आपल्या मुली वाक्याची सुरुवात झोकात करतात आणि शेवट गिळून टाकतात. मी शाळेत मराठी शिकवते, कवितावाचनात हे रोज ऐकते. घरी याचा सराव सोपा आहे. तिला स्वयंपाकघरात उभं करायचं, आपण पुढच्या खोलीत बसायचं आणि तिनं वर्तमानपत्रातली बातमी वाचायची. पंखा चालू असू द्यावा.

तिसरा प्रकार जोडीचा. दोघींना एका बाकावर बसवलं आणि सांगितलं, "एकीला कपाटाची किल्ली हवी आहे, दुसरीला द्यायची नाही. पण 'किल्ली' हा शब्द दोघींनीही उच्चारायचा नाही. करा सुरू." भाची म्हणते, तिथं पुष्कळ जणी नुसत्या बोलत सुटल्या. समोरची काय म्हणते ते कुणी ऐकतच नव्हतं, प्रत्येक जण आपलं पुढचं वाक्य जुळवण्यात गुंतलेली. हिच्या वाट्याला मिरजेहून येणारी एक मुलगी आली होती. ती किल्ली न देणारी. ती काही बोललीच नाही फारसं. नुसती पदराची गाठ चाचपत राहिली. अंगात सलवार-कमीज, पदर कुठला! पण तिच्या हाताकडे बघून हिला तिथं खरंच गाठ आहे असं वाटायला लागलं आणि हिचं काम आपोआप चांगलं झालं. "मामी, ती माझ्यापेक्षा खूप चांगली आहे," भाची आपणहून म्हणाली. हे वाक्य मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

दोन दिवसांनी यादी लागली. भाचीला दोन बहिणींच्या एकांकिकेत थोरल्या बहिणीचं काम मिळालं होतं. आई वारल्यानंतर तिच्या कपाटापुढे बसलेल्या दोघी बहिणी, असा विषय. ऑडिशनला किल्ली कुठून आली ते आता कळलं! मिरजेच्या मुलीचं नाव मात्र यादीत कुठंच नव्हतं.

घरात पेढे आले. आणि त्याच रात्री भाचीनं जेवताना सांगितलं, "तालीम साडेपाच ते साडेनऊ. शेवटचे आठ दिवस दहापर्यंत."

ह्यांचा घास हातातच राहिला. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी भाचीला विचारलं, "अगं, त्या कागदावर शेवटच्या रकान्यात तू काय लिहिलं होतंस?"

"कितीही," ती म्हणाली.

आता माझी ती पहिली चूक तुमच्या ध्यानात आली असेल. तिनं 'कितीही' लिहिलं ते कुणालाही न विचारता, आणि मी 'जा' म्हटलं तेही काही न विचारता. दुसऱ्या दिवशी गावाकडून फोन आला. नणंदेच्या यजमानांना आम्ही दाजी म्हणतो. दाजी फोनवर ओरडले वगैरे नाहीत. एवढंच म्हणाले, "वहिनी, पोरीला शिकायला ठेवलीय तुमच्याकडं. रात्री दहाला घरी येणारी पोर आमच्यात चालत नाही. तिला सांगा, नको म्हणून."

यावर तुम्ही म्हणाल, बाप आहे, त्याला काळजी वाटणारच. खरं आहे. मलाही ते चूक वाटले नाहीत. पण मी लगेच 'बरं' म्हणू शकले नाही. का, ते सांगते.

मी बी.ए. पुण्यात केलं, काकांकडे राहून. दुसऱ्या वर्षाला असताना कॉलेजच्या पुरुषोत्तमच्या संघात माझी निवड झाली. मीही कागदावर असंच काहीतरी लिहिलं असेल. महिनाभर तालमी झाल्या. माझं काम तसं मोठं होतं, सगळी वाक्यं पाठ, दुसऱ्यांचीसुद्धा पाठ. रोज तालमीहून येताना काहीतरी नवी थाप मारायची: आज ग्रंथालयात थांबले, आज मैत्रिणीकडे वह्या पुऱ्या केल्या. प्रयोगाला आठ दिवस उरले असताना एका रात्री पाऊस लागला, रिक्षा मिळेना, तेव्हा संघातल्या एका मुलानं मोटरसायकलवरून मला वाड्याच्या दारात सोडलं. काका दारातच उभे होते. त्यांनी त्या मुलाला चहाला आत बोलावलं, तो गेल्यावर मला म्हणाले, "उद्यापासून जायचं नाही." नाटकाबद्दल त्यांना राग नव्हता, थापांबद्दल होता. पण परिणाम एकच.

माझ्या जागी दुसरी मुलगी उभी राहिली. तिला आठ दिवस मिळाले. प्राथमिक फेरीच्या दिवशी मी भरत नाट्य मंदिरात जाऊन मागच्या रांगेत बसले. काकांना सांगून गेले होते, ते नको म्हणाले नाहीत. पडदा उघडण्यापूर्वी मुलं बेंबीच्या देठापासून ओरडतात ना, "अरे, आव्वाज कुणाचा!", तेव्हा माझ्याही तोंडून कॉलेजचं नाव निघालं. आणि मग माझी वाक्यं दुसऱ्या मुलीच्या तोंडून ऐकली. ती एका ठिकाणी अडली. पुढचं वाक्य मला येत होतं, ओठांवर होतं. पण मागच्या रांगेतून काय करणार? अंतिम फेरीच्या यादीत आमचं कॉलेज नव्हतं. दिग्दर्शक मुलगा वर्षभर माझ्याशी बोलला नाही, आणि मला त्याचं काही चुकलं असं आजही वाटत नाही.

हे मी भाचीला तोवर सांगितलं नव्हतं. ह्यांनाही अर्धंच ठाऊक होतं.

आपण सांगलीकर एरवी मोठ्या अभिमानानं सांगतो, मराठी नाटक आमच्या गावात जन्मलं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथे 'सीतास्वयंवर' केलं, म्हणून तर पाच नोव्हेंबरला रंगभूमी दिन. पण त्या खेळातली सीताही पुरुषच होता. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच करायच्या, हे नव्या नाटकात ठामपणे दिसलं ते १९३३ साली, मुंबईत 'आंधळ्यांची शाळा' झालं तेव्हा. ज्योत्स्नाबाई भोळे त्यात होत्या. मधे काही धीट बायका रंगमंचावर येऊन गेल्या, नाही असं नाही, पण घरंदाज म्हणवणाऱ्या घरांची दारं उघडायला ही नव्वद वर्षं लागली. आणि आता दार उघडं आहे, तर प्रश्न उरला आहे घड्याळाचा. मुलगी नाटकात गेलेली चालते, साडेनऊला आलेली चालत नाही. मुलग्यांच्या कागदावर तो शेवटचा रकाना खरं म्हणजे कुणी वाचतसुद्धा नसेल!

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी सरळ तालमीच्या जागी गेले. कुणाची तक्रार करायला नव्हे, नुसतं बघायला. मैत्रिणींनो, हे अवश्य करावं. अर्धा तास कोपऱ्यात बसलं की निम्मी धास्ती जाते, आणि उरलेली निम्मी नेमकी कशाची आहे ते कळतं. तिथं मुलं-मुली मिळून वीसेक जण होते. भिंतीला चिकटपट्ट्या लावून दार-खिडक्या आखल्या होत्या. एकजण खाली बसून प्रत्येक प्रवेशाला किती मिनिटं लागली ते लिहीत होता. कुणाला कुणाकडे बघायला सवड नव्हती. नाही म्हणायला पाण्याची सोय वाईट होती, आणि मुलींना जायचं स्वच्छतागृह आठनंतर कुलूपबंद होत होतं. ही गोष्ट मुलींनी कुणाला सांगितलीच नव्हती! मी दिग्दर्शक मुलीला सांगितली. तिलाही ती रोज सोसावी लागत होतीच. दुसऱ्याच दिवशी तिनं प्राध्यापकांकडून त्या कुलपाचीही किल्ली मिळवली.

मग मी तिला भाचीच्या वेळेचं विचारलं. मुलगी स्पष्ट होती. म्हणाली, "काकू, तिनं 'कितीही' लिहिलं म्हणून तिला घेतलं. मिरजेची एक मुलगी होती, काम तिचं जास्त चांगलं. पण तिनं खरं खरं लिहिलं, 'साडेसात'. मला तेव्हा दुसरा इलाज दिसला नाही."

मी काय बोलणार? खरं लिहिणारी घरी बसली आणि थाप मारणारीला काम मिळालं, आणि ती थाप मारणारी आमच्या घरची. मला पुण्यातली मी आठवले. मी तिला म्हटलं, "तू सगळ्यांना एकदम साडेपाचला बोलावतेस आणि निम्म्या जणी आठपर्यंत भिंतीला टेकून बसलेल्या असतात. ज्यांना लवकर जायचंय त्यांचे प्रवेश आधी घेतलेस तर?" आपण लग्नघरात नाही का करत? ज्या पाहुण्यांची गाडी आधी, त्यांची पंगत आधी. ती हसली. पण तिनं वही काढली आणि तिथंच वेळापत्रक मांडायला बसली. सगळं जमलं नाही. दोघी बहिणींचा शेवटचा प्रवेश सलगच करायला हवा होता, तो उशिराच राहिला. पण आठवड्यातले चार दिवस भाची आठला मोकळी होऊ लागली. आणि मिरजेच्या मुलीला तिनं बोलावून घेतलं. मोठं काम आता कुणाकडून काढून घेणं शक्य नव्हतं. दुसऱ्या एका एकांकिकेत शेजारणीचं छोटं काम होतं, ते तिला दिलं. ती आली. मला वाटतं, मी तिच्या जागी असते तर आले नसते.

आता दाजी. इथं मी सरळ फोन त्यांना केला नाही, वन्संना केला. काही लपवून नव्हे. त्यांना म्हटलं, तुम्ही दोघं बसून ऐका. काय ठरलं ते एकेक करून सांगितलं. चार दिवस आठला सुटेल, रिक्षानं येईल, सोबत आमच्याच बाजूच्या दोन मुली आहेत. दोन दिवस साडेनऊ होतील, तेव्हा हे स्वतः आणायला जातील. शेवटचे आठ दिवस दहा वाजतील, तेव्हाही हेच. दिग्दर्शक मुलीचा फोन नंबर दिला. पहिल्या सत्राच्या परीक्षेत एक जरी विषय राहिला तर पुढच्या वर्षी नाटक बंद, हे भाचीनं स्वतः कबूल केलं. आणि थाप एकही चालणार नाही, उशीर होणार असेल तर आधी फोन. मग मी त्यांना माझी पुण्याची गोष्ट सांगितली, मोटरसायकलसकट. पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही. मग दाजी म्हणाले, "बघा. तुमच्या जबाबदारीवर." होकार म्हणायचा की नाही ते मला अजून नीटसं कळलेलं नाही. आम्ही तो होकार धरला.

त्यापुढचे सहा आठवडे सोपे होते असं मी सांगणार नाही. हे साडेनऊला पुन्हा बाहेर पडायचे तेव्हा कुरकुर करायचे. भाचीचं जेवण झाकून ठेवावं लागे. (मसालेभात-पिठलं असं गरम करून नीट लागणारं काहीतरी ठेवावं, पोळ्या वातड होतात. तालमीला जाण्याआधी पोटाला काहीतरी आधार हवाच; थालीपीठ किंवा गूळपोळी डब्यातून दिली तर ती बाहेरचे वडे खात नाही. घसा बसला तर ओरडणं बंद ठेवायचं आणि कोमट पाणी घोट घोट घ्यायचं. दोन दिवसांत आवाज सुटला नाही तर मात्र डॉक्टरांना दाखवावं.) एक दिवस ती साडेआठची नऊ करून आली, फोन न करता. दुसऱ्या दिवशी मी तिला तालमीला जाऊ दिलं नाही. तिनं रडून घेतलं. मलाही ते जड गेलं, पण दिग्दर्शक मुलीला मी स्वतः फोन करून सांगितलं, एक दिवस.

आणि सामान! नाटकात मुलगी गेली की तिच्या मागोमाग घरातलं सामान जातं, हे कुणी सांगत नाही. आमच्याकडून सासूबाईंची इरकली नऊवारी, फडताळाचा आरसा, एक पाट, सांडशी आणि पितळी तांब्या गेला. तुमच्याकडून काही जात असेल तर आधी वहीत लिहून ठेवा आणि प्रत्येक वस्तूवर आतून कुठेतरी नेलपॉलिशचा ठिपका द्या. दहा घरची भांडी एका पोत्यात पडली की कुणाचं काय ते ब्रह्मदेवालाही कळत नाही. साडी मात्र धुवून परत द्यायची असं आधीच बोलून घ्यावं. इरकली घरी नेऊन कुणी साबणाच्या पाण्यात बुडवली तर संपलंच!

प्रयोगाला वन्सं आल्या होत्या. दाजी येणार नाहीत असं सांगून ठेवलं होतं. दुसरी घंटा झाली तेव्हा ते दिसले, मागच्या दाराशी, चपला हातात घेतल्यासारखे अवघडून उभे. शेवटच्या रांगेत बसले. भाचीचं काम कसं झालं ते मी मामी म्हणून सांगणं बरोबर नाही. शेवटच्या प्रवेशात ती एकदा थबकली, मला वाटलं गेलं वाक्य. पण तिनं नुसतं कपाटाकडे बघितलं आणि वाक्य आलं. शेजारणीच्या कामात मिरजेची मुलगी चारच मिनिटं होती. ती गेल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या, प्रवेश मध्येच असताना.

पुढे स्पर्धेला कोणती एकांकिका न्यायची त्याचा निकाल अजून लागायचा आहे.

प्रयोग संपल्यावर दाजी बाहेर उभे होते. लेकीला काही म्हणाले नाहीत. मला म्हणाले, "वहिनी, तो तांब्या तुमच्याकडचाच ना?" मी हो म्हटलं. आमच्या लग्नात त्यांनीच तो आहेर दिला होता, त्याच्यावर दोघांची नावं घातलेली आहेत आणि दिव्याच्या उजेडात ती शेवटच्या रांगेतून वाचता आली म्हणे. भाचीला मी दुसऱ्या दिवशी आठवण केली. आरसा आला, पाट आला, साडी धुवून आली. तांब्या पुढच्या प्रयोगाला लागणार आहे म्हणून ठेवून घेतलाय, आणि सांडशी कुणाकडे आहे ते कुणालाच माहीत नाही.